नक्षीचे माहेर कोणते?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्याविषयी सुशिक्षित मंडळींत एक मत इतके रूढ झाले आहे की, त्यास पुरावा मागण्याचीही कोणास गरज वाटत नाही. ते मत असे की, या भागात पैसा आहे, नोकरी आहे, यंत्रे आहेत. परंतु डोळ्यांस सुख देईल असे काही नाही, आणि म्हणून कलावंतास येथे उपजीविका मिळाली तरी स्फूर्ती मिळावयाची नाही. हे मत एखाद्या कवीने उच्चारले असते, तर आम्ही ते सोडून दिले असते. कारण कवीस वनराई व एकांत हवा, अशी जुनीच समजूत आहे. परंतु हल्ली हेच मत कापडाची नक्षी आखणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडी ऐकू येऊ लागले आहे. निगडीस किंवा आकुर्डीस राहावयाचे आणि नक्षीचा विषय शोधावयास कच्छला किंवा जयपूरला जावयाचे. ते न जमल्यास परदेशी रंगपत्रिका उघडून बसावयाचे. आणि घरापासून कामापर्यंतच्या वाटेवर जे दिसते, ते मात्र डोळे मिटून ओलांडावयाचे, असा हा प्रघात आहे. आम्हांस तो मान्य नाही. नक्षीकाराची कला आणि विणकराचे पोट या दोहोंसही तो घातक आहे, असे आमचे म्हणणे असून ते येथे क्रमाने मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम नक्षीकार कोणास म्हणावयाचे, ते ठरविले पाहिजे. भिंतीवर टांगावयाचे चित्र काढणारा आणि कापडाची नक्षी आखणारा यांच्या कामांत मोठे अंतर आहे. चित्रास चौकट असते, कापडास नसते. एका वितीत मांडलेली आकृती पुढच्या वितीत पुन्हा येते, आणि अशी ती शेकडो वार येत राहते. तिची टोके जेथे जुळतात तो सांधा दिसता कामा नये. शिवाय ताणा उभा आणि बाणा आडवा. त्यांच्या छेदाने जी बारीक घरे पडतात, त्यांतूनच गोल, वेल, पाकळी, सर्व काही निर्माण करावयाचे. यास्तव नक्षीकार आपली आकृती चौकटीच्या कागदावर मांडतो, आणि एकेका घरात धागा वर की खाली, एवढाच निर्णय करितो. १८०४ साली जॅकार्ड या फ्रेंच गृहस्थाने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी युक्ती मागास जोडली, तेव्हापासून हा निर्णय 'भोक आहे' किंवा 'भोक नाही' अशा भाषेत यंत्रास सांगता येऊ लागला. सोलापुरी चादरीवरील फुले याच रीतीने उठतात. सारांश, नक्षीकाराचे काम मोजमापाशी, पुनरावृत्तीशी आणि यंत्राच्या मर्यादेशी बांधलेले आहे. अशा कलावंताला कारखान्यांच्या गावात परके वाटावे, हेच मुळी आश्चर्य होय.

आता ज्या जुन्या नक्ष्यांचे नाव निघताच आपण हात जोडतो, त्या कोठून आल्या ते पाहू. पैठणीचा एक काठ नारळी, दुसरा रुईफुली. नारळ देवघरातला आणि रुई गावाबाहेरच्या पडीक जमिनीवरची. पदरावर मोर आहे तसा मुनिया नावाचा पोपटही आहे; आणि मोरास कोंदण हवे म्हणून विणकराने त्यास बांगडीत बसविले, तो 'बांगडीमोर' झाला. बांगडी काही राजवाड्यातूनच आणावी लागत नाही. विदर्भातील लुगड्याचा प्रसिद्ध काठ 'करवतकाठी' होय. त्यावरचे दाते सुताराच्या करवतीचे आहेत. महेश्वरचे उदाहरण तर आमच्या प्रतिपक्षाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने तेथे जी विणकामाची पेठ वाढली, तिच्या काठांत वीट आहे, चटई आहे, आणि नर्मदेची लाट आहे. ज्या माणसास विटांच्या बांधकामात आणि जमिनीवर अंथरलेल्या चटईत नक्षी दिसली, त्यास 'येथे स्फूर्ती घेण्यासारखे काही नाही' असे म्हणण्याचा प्रसंगच कसा यावा? काळ्या अंगावर पांढरे ठिपके उमटले, तेव्हा ती ठिपक्यांची चंद्रकळा झाली. दोन काठांस दोन रंग दिले, तेव्हा दोन नद्यांच्या दोन रंगी पाण्याची आठवण होऊन तो गंगाजमनी काठ झाला. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घातल्यावर वळणागणिक पालटणारी जी झाक दिसली, तिला धूपछाव म्हटले. अजिंठ्याचे कमळ पैठणीवर आहे, हे आम्हांस ठाऊक आहे, आणि तो आक्षेप आम्ही आधीच घेऊन ठेवितो. परंतु अजिंठ्याच्या चिताऱ्यानेही ते कमळ दुसऱ्या लेण्यातून उतरवून घेतले असे नाही. त्याने ते तळ्यात पाहिले होते.

जी गोष्ट आकृतीची, तीच रंगाची. मराठी बाईच्या तोंडी रंगांची जी नावे आहेत, ती सारी घर, अंगण, शेत आणि बाजार यांतून उचललेली आहेत. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, वांगी ही मंडईतून आली. पोपटी, पारवा, मोरपंखी ही पाखरांकडून. अबोली व गुलबक्षी अंगणातून. शेवाळी विहिरीच्या काठावरून. विटकरी विटेपासून, राखी चुलीच्या राखेपासून, आणि तपकिरी तर चक्क आजोबांच्या डबीतील तपकिरीपासून. या नावांत सौंदर्याचे सोवळे कोठेही नाही. जे हाताशी होते, रोज डोळ्यांपुढे होते, त्यासच रंगाचे माप मानिले गेले. आणि त्यामुळेच दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यात कधी घोटाळा होत नसे. 'वांगी' म्हटले की कोणता रंग, हे दोघांसही ठाऊक असे.

एवढा पुरावा समोर असता, विरुद्ध पक्ष दोन दिशांनी आम्हांवर चालून येतो. एक म्हणतो, जुने तेच उत्तम. दुसरा म्हणतो, परदेशी तेच उत्तम. दोघांचा समाचार स्वतंत्रपणे घेतला पाहिजे.

परंपरेचा अभिमानी म्हणतो : 'पूर्वजांनी मोर, पोपट, कुयरी, कमळ देऊन ठेविले आहे, ते जपावे, त्यात भर घालण्याची उठाठेव कशास?' या विचारात पूर्वजांविषयी आदर दिसतो खरा, परंतु पूर्वजांचे आचरण मात्र दिसत नाही. पूर्वजांनी भोवती पाहून विणले. आपण पूर्वजांकडे पाहून विणतो. पहिल्याने मोर पाहिला, दुसऱ्याने मोराची नक्षी पाहिली, तिसऱ्याने नक्षीची छापील प्रत पाहिली. आणि आता ज्याच्या पिसाऱ्यात पीस राहिले नाही, ज्याची मान कोणीकडे वळते ते कळत नाही, असा एक प्राणी पदरावर येऊन बसला आहे. त्यास मोर म्हणावयाचे ते केवळ वहिवाटीने.

याहूनही गंभीर गोष्ट व्यवहाराची आहे. हातमागावरील खऱ्या पैठणीत प्रत्येक रंगाची लहानशी कांडी वेगळी असते. विणकर ती हाताने त्या त्या रंगाच्या हद्दीपर्यंत नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवितो आणि परत फिरवितो. म्हणून तिचा पदर मागून-पुढून सारखा दिसतो, आणि म्हणूनच एका लुगड्यास कित्येक आठवडे, भारी पदर असल्यास कित्येक महिने लागतात. यंत्रमागावर तोच मोर फारच थोड्या वेळात उठतो. मागे सुटे धागे लोंबतात खरे, परंतु ते कापून टाकता येतात, आणि लग्नघाईतल्या गिऱ्हाइकास पदर उलटून पाहण्याची फुरसत नसते. आता विचार करा : येवल्याचा विणकर वर्षानुवर्षे एकच मोर विणीत राहिला, तर तो कोणत्या क्षेत्रात यंत्राशी झुंजत असतो? पुनरावृत्तीच्या; आणि ते क्षेत्र यंत्राचे आहे. पैठणीस भौगोलिक मानांकन मिळाले, हे उत्तमच झाले. परंतु मानांकनाने नावाचे रक्षण होते, नजरेचे होत नाही. कांडी हातात असलेल्या माणसाचे खरे सामर्थ्य हे की, तो पुठ्ठे न बदलता, कोणास न विचारता, आज पाहिलेली गोष्ट उद्या पदरावर आणू शकतो. हे सामर्थ्य त्याच्याकडून न वापरविता त्यास 'परंपरेचा रक्षक' अशी पदवी देणे, म्हणजे त्याचे हात बांधून त्याच्या गळ्यात हार घालणे होय.

दुसरा पक्ष नवमतवाद्यांचा. यांची स्फूर्ती वर्षातून ठराविक वेळी टपालाने येते, असे म्हटले असता अतिशयोक्ती होणार नाही. टपालाची जागा आता संगणकाच्या पडद्याने घेतली आहे, एवढेच. येत्या हंगामात कोणता रंग चालेल, फूल मोठे असेल की बारीक, हे पॅरिस-लंडनकडील भाकीतकार दीड-दोन वर्षे आधी वर्तवितात. त्यांचे वर्तमान विकत घ्यावयाचे, रंगाचा क्रमांक उतरून घ्यावयाचा, आणि त्याबरहुकूम नक्षी आखावयाची. भाकीत खरे ठरते यात नवल नाही. सर्वांनी तेच विकत घेतल्यावर बाजारात दुसरे असणार काय? क्रमांकाची आम्हांस तक्रार नाही. रंगाऱ्यास रंग बिनचूक कळविण्यास क्रमांक सोयीचा आहे, आणि 'आमसुली' म्हटल्याने चाकणहून जर्मनीस माल पाठविता येणार नाही, हेही आम्ही जाणतो. तक्रार आहे ती क्रमाची. आधी रंग दिसावा, मग त्यास क्रमांक मिळावा. येथे क्रमांक आधी येतो आणि रंग कधी दिसतच नाही. ज्या देशात वसंतात पाने फुटतात आणि शिशिरात बर्फ पडते, तेथील ऋतूंच्या रंगांवर ज्येष्ठातल्या चाकणने आपले कापड का ठरवावे, याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

आणि गंमत ही की, ज्या पश्चिमेचे नाव घेऊन हे सारे चालते, तेथील थोर नक्षीकार असे वागलेच नाहीत. विल्यम मॉरिस याची १८८३ सालची अत्यंत प्रसिद्ध छापील नक्षी म्हणजे त्याच्या खेड्यातील घराच्या बागेत स्ट्रॉबेरी चोरणारे पक्षी होत. दुसरा कोणी त्या पाखरांस हुसकावून लावता. मॉरिसने त्यांस कापडावर बसविले. १९३७ साली लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बाकांसाठी कापड हवे होते, तेव्हा एनिड मार्क्स या विदुषीस ते काम सांगण्यात आले. रोज हजारो माणसे बसणार, मळ दिसू नये, हलत्या गाडीत डोळ्यांस भोवळ येऊ नये, अशा अटी होत्या, आणि त्या अटींतूनच तिने उत्तम नक्ष्या काढल्या. त्याच रेल्वेच्या बाकांवर २०१० पासून जे कापड आले, त्यात लंडनचे घड्याळाचे मनोरे, पूल व घुमट बारीक भूमितीत रूपांतरित होऊन बसले आहेत. १९५१ साली ब्रिटनच्या महोत्सवात तर हेलन मेगॉ या स्फटिकशास्त्रज्ञ विदुषीच्या सूचनेवरून इन्सुलिन, हिमोग्लोबिन इत्यादि पदार्थांच्या स्फटिकरचनेच्या आकृत्या घेऊन पडद्यांची व पोशाखांची कापडे तयार झाली. प्रयोगशाळा, बाग, आगगाडी : ज्यास जे जवळ, त्याने ते घेतले.

परदेशाचे उदाहरण नको असेल, तर घरचे देतो. चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी सरकारी विणकर सेवा केंद्रात, आधी वाराणसीस व नंतर मुंबईस, अनेक वर्षे नोकरी केली. त्यांच्या चित्रांत काय आहे? घड्याळ, पान, फळ, किल्ली, लिफाफा, टाचणी. म्हणजे टेबलावर आणि खिडकीपाशी जे सापडते ते. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांस अशा साध्या वस्तूंकडे हा माणूस किती वेळ आणि किती शांतपणे पाहत असे, ते ठाऊक आहे. ही नजर त्यांस कापडाच्या नोकरीने दिली, की ती नजर घेऊनच ते नोकरीवर गेले, हा वाद आम्ही करीत नाही. या मातीतील माणसास ती असू शकते, एवढे आमच्या मुद्द्यास पुरे आहे.

आता मूळ आरोपाकडे वळू : 'पिंपरी-चिंचवडात पाहण्यासारखे आहे काय?' १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली चार गावांचे महानगर झाले, आणि या शतकाच्या आरंभी मोटारींचे मोठे कारखाने चाकणच्या माळावर आले. एवढ्या काळात येथे जे उभे राहिले, त्यात नक्षीकाराचा डोळा काय पाहील, याची थोडी वानगी देतो.

लेथवर लोखंड कातले जात असता त्याचा जो कीस निघतो, तो गुंडाळत जाणाऱ्या वेलासारखा असतो. ज्या वेलबुट्टीसाठी आपण मोगल चित्रे चाळतो, ती येथे दर मिनिटास जन्मते. दाबयंत्राखालून पत्र्याचे ठसे कापून घेतल्यावर जो पत्रा उरतो, ती एक जाळी असते. आणि जागा व माल वाचविण्यासाठी ते ठसे अशा कुशलतेने एकमेकांत बसविलेले असतात की, पुनरावृत्तीचा तो उत्तम धडाच होय. भोसरीचा कारागीर मालाच्या बचतीसाठी जे करितो, नक्षीकार तेच सौंदर्यासाठी करितो, गणित एकच. पोलादास पाणी देताना त्यावर जे रंग चढतात, ते पाहण्याचे भाग्य किती नक्षीकारांनी घेतले आहे? २२० अंशांच्या सुमारास वाळल्या गवताचा पिवळा, त्यापुढे तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. हे रंग कोणत्याही रंगद्रव्याचे नव्हेत. पोलादावर जमणाऱ्या अत्यंत पातळ पापुद्र्यातून प्रकाश परतताना ते उमटतात. आणि दोन रंगांच्या धाग्यांतून तिसरी झाक काढण्याची जी आमची धूपछाव, तिच्याइतके या रंगांस जवळचे विणकाम दुसरे नाही.

लोखंड एवढ्यावरच थांबत नाही. गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबत ठेवले, आणि हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर ते पाणी छापले, म्हणजे पक्का काळा रंग उठतो; कच्छ-राजस्थानचे छिपे हाच काळा वापरीत आले आहेत. हिरड्यातील तुरट अंश आणि लोखंड यांचा संयोग धाग्यातच होतो, म्हणून तो धुऊन जात नाही. आता पाहा : लोखंडाचा कीस भोसरीचा, हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतला, गूळ पुणे जिल्ह्यातल्याच गुऱ्हाळांचा; आणि आमचा नक्षीकार काळा रंग पाहावयास कच्छला जातो! चाकणचा कांद्याचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथे पायांखाली जी साले तुडविली जातात, ती उकळून तुरटी लावलेल्या सुतास दिली असता सोनेरी पिवळा रंग येतो. काळे अंग आणि सोनेरी काठ. एक चंद्रकळा तर या पट्ट्याच्या कचऱ्यातूनच तयार होते.

हे झाले वस्तूंचे. माणसांकडे पाहिले, तर ज्येष्ठ-आषाढात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करिते. त्या दिवशी राखाडी रस्त्यावर भगव्या पताकांची आणि पांढऱ्या टोप्यांची जी लय चालते, तीत अंतर, ठेका व पुनरावृत्ती तिन्ही आहेत. कामगारांच्या चाळींच्या कठड्यांवर वाळत टाकलेल्या गोधड्या पाहाव्यात. मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि त्याही पलीकडून आलेल्या घरांची जुनी लुगडी त्यांत धावदोऱ्याने एकत्र शिवलेली असतात; इरकलीचा तुकडा, छापील सुताचा तुकडा, कारखान्यातील निळ्या गणवेशाची बाही, सारे एका पांघरुणात. शे-पन्नास वर्षांत हा गाव कसा वसला, याचा याहून खरा नकाशा आमच्या पाहण्यात नाही.

शेवटी चाकणच्या मोटारीतच बसून पाहा. आपल्या पाठीशी जे असते, तेही कित्येक गाड्यांत कापडच असते. आणि तेही कोणी तरी आखलेलेच असते. ते घासले जाऊन झिजू नये, काचेतून येणाऱ्या उन्हाने विटू नये, त्यावर मळ दिसू नये, या सर्व परीक्षा ते उत्तीर्ण होते. एकच परीक्षा घेतली जात नाही. ती म्हणजे, ते पाहावेसे वाटते काय? काळ्यावर करडे आणि करड्यावर काळे ठिपके, इतक्यावर आमच्या उद्योगाची कल्पना थकते. लंडनच्या रेल्वेने याच अटींत राहून आपल्या शहरास बाकावर बसविले. आमच्या बैठकीवर इंद्रायणीचा घाट, पत्र्याची जाळी किंवा करवतीचा दाता का नसावा, हे आम्ही उद्योगपतींस विचारू इच्छितो.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. कापडावर लेथचे चित्र छापा, पान्हे आणि नटबोल्ट यांची बुट्टी काढा, असे आम्ही सांगत नाही. तसले कापड दोन दिवस विनोद म्हणून खपेल आणि तिसऱ्या दिवशी पायपुसणे होईल. करवतकाठीत करवत नाही. करवतीच्या दात्यांचा क्रम आहे. महेश्वरी काठात वीट नाही. एकीच्या सांध्यावर दुसरी बसविण्याची गवंड्याची रीत आहे. विणकराने वस्तू सोडून दिली आणि तिची चाल ठेविली. हे काम एका दृष्टिक्षेपाचे नव्हे. एकच वस्तू दहा वेळा पाहावी, वहीत दहा प्रकारांनी उतरावी, चौकटीच्या कागदावर आणावी, मागावर बसत नाही ते टाकावे, आणि मग जे उरेल ती नक्षी. रोजच्या पाहण्यातील वस्तूच या कामास लागते, याचे कारण हेच. प्रवासात एकदा पाहिलेली वस्तू फार तर आठवण म्हणून राहते, तिची चाल हातात येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप आम्ही मुद्दाम शेवटी ठेविला आहे. कोणी म्हणेल : 'कारखान्यात बोटे तुटतात, चाळीत पाणी येत नाही, नदी सडली आहे, आणि तुम्ही त्यात नक्षी शोधता! ही सौंदर्यदृष्टी की निर्दयपणा?' या प्रश्नास आम्ही हसून उत्तर देणार नाही. आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर गेल्या काही वर्षांत वारंवार पांढरा फेस तरंगताना लोकांनी पाहिला आहे, आणि वारकरी त्यातच स्नान करितात. तो फेस छायाचित्रात बर्फासारखा सुंदर दिसतो. त्याची नाजूक जाळीदार नक्षी करून जर कोणी रेशमावर उतरविली, तर आम्ही तिचा धिक्कार करू. कारण जे पाहून संताप यावा, ते तिने शोभेचे केले. पवनेवरील जलपर्णीचा हिरवा गालिचाही याच जातीचा आहे. परंतु यावरून काय निष्पन्न होते? डोळे मिटावेत, असे तर खासच नाही. फेस आणि पाणी यांतील भेद ज्यास कळतो, तो रोज नदीकडे पाहणाराच असतो. जो रंगपत्रिकेतून निळा निवडतो, त्यास आपल्या नदीचा रंग कोणत्या साली पालटला, हे कधीच कळत नाही. आणि आपल्याच कापडाच्या रंगाईचे पाणी कोठे जाते, हे विचारण्याचेही त्यास सुचत नाही. पाहण्याची सवय ही नक्षीकाराची कला आहे तशीच त्याची सदसद्विवेकबुद्धीही आहे. एक विकत आणावयाची ठरविली की दुसरीही हातची जाते.

मग करावयाचे काय? आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. नक्षी शिकविणाऱ्या संस्थांनी विद्यार्थ्यांस दूरदेशी सहलीस जरूर न्यावे. परंतु त्याआधी एक सत्र त्यांस आपल्या राहत्या गल्लीची वही भरावयास लावावी, आणि त्या वहीस गुण द्यावेत. चाकण-भोसरीच्या कारखानदारांनी या मुलांस आपले दार उघडावे. उरलेल्या पत्र्याच्या जाळ्या कोणास दाखविल्याने धंद्याचे गुपित फुटत नाही. जे कारखानदार नक्षीकारास पगार देतात, त्यांनी त्याच्या आठवड्यातील काही तास पाहण्यासाठी मोकळे सोडावेत, आणि ते तास हजेरीपुस्तकात काम म्हणून लिहावेत. कारण ते काम आहे. येवल्याच्या व सोलापूरच्या विणकरांस नवी नक्षी काढल्याबद्दल वेगळा मोबदला मिळावा; जोवर जुना मोर आणि नवी कल्पना यांस एकच मजुरी आहे, तोवर नव्या कल्पनेवर दिवस घालविणे विणकरास परवडावयाचे नाही, आणि त्याबद्दल त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. आणि गिऱ्हाइकाने, म्हणजे आपण सर्वांनी, दुकानात 'हे कोठे चालले आहे?' असे विचारण्याऐवजी 'हे कोठून आले?' असे एकदा विचारून पाहावे.

शंभर वर्षांनी कोणी या पट्ट्याची जुनी कापडे उलगडून पाहील. त्या वेळी येथे कोण राहत होते, काय कातीत होते, काय खात होते आणि कोणत्या रस्त्याने कामास जात होते, याची एक तरी खूण त्या कापडांवर सापडावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. महेश्वरच्या विणकराने आपल्या गावची वीट मागे ठेविली. आमच्या मागे काय राहील, हे ठरविण्याचे काम परदेशच्या भाकीतकारावर सोपवून आपण निश्चिंत बसलो, तर पुढच्यांस येथे फक्त एक क्रमांक सापडेल.